थेंब टाकायच्या आधीच

आसारामअण्णांच्या दुधाला नाव ठेवील असा माणूस अख्ख्या शेवगाव तालुक्यात सापडला नसता. गावाचं दूध संकलन केंद्र त्यांच्याच ओसरीवर. दूध ओसरीवर आणि औषधाची बाटली आत फडताळात. हे 'औषध' फक्त अण्णांना ठाऊक. एका उन्हाळ्यात टँकर रोज उशिरा यायचा, दूध नासायचं, आणि सगळंच्या सगळं परत यायचं. बाया रिकाम्या हातानं घरी जाताना बघवायचं नाही. तेव्हा कुणा शहाण्यानं कानात सांगितलं, जरासं औषध टाका, दूध टिकतं. टाकलं, टिकलं. उन्हाळा सरला तरी हात काही थांबला नाही. सवय लई वाईट! कुणाचं पोट दुखल्याचं कानावर आलं नाही, तेव्हा अण्णांनी मनाची समजूत घातली, आपण कुठं पाणी घालतोय?

त्यांची एकुलती लेक धनश्री पुण्याला रसायनशास्त्रात संशोधन करत होती. दुधातली खोट मोबाईलवर दाखवणारी एक चिमुकली पेटी तिनं बनवली होती, आणि आज ती गावात दाखवायची होती. दूध संघाचे चेअरमन रामहरी मुद्दाम आले होते. त्यांना पटलं तर पेटी संघाच्या प्रत्येक केंद्रावर जाणार, नाही पटलं तर पोरीची इतक्या वर्षांची मेहनत मातीत.

अण्णा भितील कशाला? त्यांनी आदल्या दिवशीच हळूच विचारून घेतलं होतं, "ही पेटी नेमकं काय धरती गं, धना?"

"शिसं, अण्णा. चाऱ्यातून, पाण्यातून दुधात उतरतं ते."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. सकाळी दूध जमलं तसं त्यांनी रोजच्यासारखं औषध टाकलं, आणि इस्त्रीचा सदरा घालून लेकीशेजारी येऊन उभे राहिले.

धनानं मोबाईलच्या कॅमेऱ्यावर नखाएवढं भिंग बसवलं. "हे कण धुळीहून बारीक आहेत," ती सांगू लागली. "यांना मी माझ्या बाटलीतला एक थेंब देणार. तेच यांचं पेट्रोल. ते मिळालं की हे आपल्या जोरावर पळतात. दुधात शिसं असलं, तर दमतात, मंदावतात. किती मंदावले ते मोबाईल मोजतो."

"म्हंजी पळाले तर दूध चांगलं," रामहरींनी सगळ्यांना सोपं करून सांगितलं.

धनानं अण्णांच्या कॅनमधलं दूध घेतलं, लिंबू पिळून फाडलं आणि वरचं निवळ पाणी काचेवर ठेवलं. त्यात कण सोडले. मग ती बाटलीकडे वळली, तोवर माणसं ओरडली, "पळाले! पळाले की!"

मोबाईलवर कण सैरावैरा धावत होते. टाळ्यांचा नुसता कडकडाट. रामहरींनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली, "वा रं वाघा! दूध हाय का चेष्टा!" अण्णा हसले, पण लेकीकडं बघताच त्यांचं हसू विरलं. तिच्या हातातली बाटली बंदच होती. थेंब दिलाच नव्हता.

तिनं काच पुसून, थेंब न देताच पुन्हा करून पाहिलं. कण पुन्हा पळाले. मग तिनं चांगुणाकडं घरचं दूध मागितलं. चांगुणा एका म्हशीवर घर चालवणारी विधवा. तिचं दूध अजून मोठ्या कॅनमध्ये पडलं नव्हतं. त्यात मात्र कण ढिम्म पडून राहिले. थेंबाशिवाय ते तसेच राहायला हवे होते, पण हे कळणारी तिथं एकटी धनाच. तिनं मान वर करून बापाकडं पाहिलं. अण्णांच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या बाटलीत होतं तेच आपल्या फडताळात आहे, हे त्यांना तिच्या डोळ्यांतच कळलं.

"चांगुणाच्या दुधात खोट हाय!" रामहरी म्हणाले. "बंद करा तिचं दूध."

"देवाशपथ न्हाई वो सायेब!" चांगुणानं हंबरडा फोडला. "माझ्या लेकरांच्या तोंडचा घास काढू नका!"

धना अजून बापाकडंच बघत होती. आता बोलावं, आत्ता बोलावं, म्हणता म्हणता अण्णांची वेळ गेली.

"मावशी, रडू नका. तुमचं दूध स्वच्छ आहे," धना म्हणाली. "माझंच चुकलं. पेटी बिघडलीय."

"घ्या! पुन्याला जाऊन हेच शिकली व्हय?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळी ओसरी हसली. रामहरी उठलेच. "असली खेळणी आमच्या केंद्रावर नकोत, बाई."

अण्णा खांबाला धरून ऐकत राहिले. माणसं पांगल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? फडताळातली औषधाची बाटली नेऊन ओढ्यात फेकली! भेदरलेल्या माणसाला कुठली आलीय अक्कल?

मग त्यांनी लेकीसाठी चहा ठेवला. "कोराच करा, अण्णा," ती म्हणाली. लहानपणी दुधावरच्या सायीसाठी भांडणारी पोर ती. अण्णांच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

एसटीपाशी त्यांनी तोंड उघडलं, "धना, मी..."

"तिथं बोलायचं होतं, अण्णा," ती म्हणाली आणि गाडीत चढली. तिनं खिडकीतून मागं वळून बघितलं नाही.

संध्याकाळी बाया कॅन घेऊन आल्या, गावातली कामं उरकून रामहरीही परतताना चहाला थांबले होते. अण्णा ओट्यावर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "माझी पोर चुकली न्हाई. मीच दुधात औषध टाकतो. तेच तिनं पकडलं."

मग रामहरी हळूच म्हणाले, "अण्णा, पोरीची लाज झाकायला एवढं करावं व्हय? बरं, दाखवा कुठं हाय औषध."

"वढ्यात फेकलं."

रामहरींनी मान हलवली. बायांनी डोळ्यांना पदर लावले. "बाप असावा तर असा," चांगुणा म्हणाली. "पोर वाया गेली तरी सगळं सोताच्या अंगावर घेतोय."

"अगं, माझी धना खरी हाय!" अण्णा छाती बडवून ओरडले. "खोटा मी हाय, मी!"

जितकं ते ओरडत होते, तितकी माणसं धनाला जास्त हसत होती आणि अण्णांसाठी हळहळत होती.