पिवळ्या ठिपक्यांची लाल मोटार

मित्रांनो, मी एक जुनी लाल मोटार आहे. नवापूरच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घालायच्या मांडवामागे मी उभी असते. खाऱ्या वाऱ्याने माझे पत्रे खाल्ले आहेत आणि रंगाला फोड आले आहेत. पण एके काळी बोईसरहून नवापूरला येणाऱ्या सरळ रस्त्यावर माझ्या पुढे जायची कोणाची छाती नव्हती. एवढा वेग अंगात असूनही मी आयुष्यभर जळत राहिले, आणि तेही कोणावर, तर एका लाकडी बोटीवर!

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. साध्या मोटारींना इंजिनाला पेट्रोल पाजणारा एक कार्बोरेटर असतो, मला दोन बसवले. त्यामुळे माझं इंजिन जोरदार झालं आणि खाणंही राजेशाही. १९८६ साली पापलेटचा हंगाम भरभरून गेला, तेव्हा नवापूरच्या वामन तांडेलाने मला मुंबईहून घरी आणलं. मला पाहायला अख्खी आळी गोळा झाली. त्याची बायको मंजुळा ओवाळायला पुढे आली, तर वामन म्हणाला, "थांब गो. पयला नारळ पारूला."

पारू ही त्याची मासेमारीची बोट. त्याने आपल्या आईचं नाव तिला दिलं होतं. तो नारळ घेऊन पुळणीवर धावत गेला. तिच्यापुढे नारळ फोडून उरलेली कवड माझ्या चाकाशी ठेवली. त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखू लागलं.

विकणाऱ्या कंपनीने वामनला एक गोष्ट बजावून सांगितली होती. वर्षभराची हमी सगळ्यांनाच असते, पण जादा पैसे भरून त्याने माझ्यासाठी आणखी दोन वर्षांची हमी घेतली होती. तिच्या अटी कडक होत्या. सर्व्हिसिंग कंपनीच्याच मुंबईच्या वर्कशॉपमध्ये करायचं. भागही कंपनीचेच घालायचे. बाहेरच्या कोणी इंजिनाचा नट फिरवला तर हमी संपली. ओळख पटावी म्हणून माझ्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला होता. नट हलला की ठिपका तुटणार.

मला त्या ठिपक्यांचा मोठा तोरा होता. कुंकवासारखेच मिरवायची मी ते! पारूला कसली आली हमी?

पण तोरा फार दिवस टिकला नाही. वामन रोज पारूच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालायचा. तिच्याशी बोलायचा, तिला शिव्या द्यायचा, तिच्या फळ्यांना मुशी माशाचं तेल पाजायचा. माझ्याकडे येताना मात्र हात पुसून यायचा आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर बसावं तसा अंग चोरून बसायचा. माझं बॉनेट त्याने कधी उघडलं नाही. काही खुट्ट झालं की मुंबई गाठायची. तिथे अनोळखी माणसं मला तपासत आणि नव्याने ठिपके देत. नारळी पौर्णिमेला पारूच्या अंगावर पताका फडफडत, आणि मला पाणी मारायचीही कोणाला आठवण नसे. हमीने मला जपलं खरं, पण वामनच्या हातांना माझ्यापासून लांब ठेवलं.

गंमत म्हणजे मंजुळा माझ्यावर जळायची. मुंबईहून आलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई.

"एका सर्विशिंगात पारूला नवा जाल आला असता! सवत आणून ठेवली हाय दारात."

"हमी हाय तवर नेयाला पायजे," वामन सांगे.

"माजी कोण घेतं हमी? मला ताप आला तर सुंठ पाजता, आणि हिला मुंबईचा डाक्टर!"

वामन हसून पुळणीवर निघून जाई. मंजुळा माझ्याकडे डोळे वटारून बघे, आणि मी पारूकडे.

हमीचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. ऑक्टोबरातल्या एका दुपारी अचानक वारा सुटला. वामनचा धाकटा भाऊ जानू पारू घेऊन गेला होता. सगळ्या बोटी खाडीत परतल्या. पारू मात्र खडकांच्या बाहेर थांबली. जानूने एका खलाशाला छोट्या होडक्यातून किनाऱ्यावर धाडलं. इंजिनाला गार पाणी पुरवणाऱ्या पंपाचं रबरी चाक फाटलं होतं. इंजिन चालवलं तर जळून जाणार. नांगर टाकला होता, पण तो सरकत होता. ओहोटीमुळे बाकीच्या बोटी खाडीच्या चिखलात बसल्या होत्या, ओढायला कोणी जाऊ शकत नव्हतं. भरती लागली की वारा पारूला खडकांवर नेणार, हे सगळ्यांना दिसत होतं. पारूवर जानू आणि चार माणसं होती, आणि बोट सोडून यायला जानू तयार नव्हता.

ते चाक बोईसरच्या दुकानात मिळत होतं. वामन माझ्यात बसला. मंजुळाही न विचारता शेजारी येऊन बसली. मी सुसाट निघाले. सुट्टीचा दिवस होता, कारखाने बंद, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि सरावलीच्या अलीकडे मी आचके देत बंद पडले. माझा पेट्रोलचा पंप गेला होता.

वामनने बॉनेट उघडलं. त्याचा हात पंपाजवळ गेला आणि थबकला. तिथे पिवळा ठिपका चमकत होता.

"काय बघता?" मंजुळा ओरडली.

"खोललं तर हमी जाईल. उद्या इंजिन बसलं तर सगळा खर्च अंगावर."

"आणि जानू? त्याची हमी कोणी दिलीय तुमाला? खोला ते!"

वामनने पाना लावला. ठिपका तुटला. त्याने डिकीतला पेट्रोलचा डबा काढला, रबरी नळीचं एक टोक डब्यात आणि दुसरं कार्बोरेटरांकडे जाणाऱ्या नळीला जोडलं. आता डबा इंजिनापेक्षा उंच धरायला हवा होता. मंजुळाने पदर खोचला, डबा घेतला आणि खिडकीबाहेर हात काढून टपावर घट्ट धरून ठेवला. पेट्रोल तिच्या कोपरावरून ओघळत होतं, वाऱ्याने केस डोळ्यांत जात होते, पण तिने हात खाली घेतला नाही. बॉनेट दोरीने अर्धवट बांधलेलं होतं. वामन बाहेर मान काढून रस्ता पाहत होता.

मित्रांनो, त्या वाटेवर माझ्या मनात काय आलं ते सांगू? मी कोणासाठी धावते आहे? जिच्यामुळे मला उरलेली कवड मिळाली, तिच्यासाठी! पण नटावर फिरलेल्या वामनच्या बोटांची ऊब अजून माझ्या अंगात होती. तशी मी नवी असतानाही धावले नव्हते.

चाक मिळालं. परतताना भरती लागली होती. वामन त्याच खलाशाबरोबर होडक्यातून लाटांवर आपटत पारूवर गेला. किनाऱ्यावरून मंजुळा आणि मी पाहत होतो. पारू खडकांच्या अगदी जवळ आली, इतक्यात तिच्या नळीतून काळा धूर निघाला. ती वळली. पुळणीवर बायका ओरडल्या. मंजुळा माझ्या बॉनेटवर डोकं टेकून रडली. सवत म्हणणं त्या दिवसापासून बंद झालं.

पुढच्या महिन्यात माझा गियरबॉक्स बिघडला. मुंबईच्या वर्कशॉपमधल्या साहेबाने तुटलेला ठिपका पाहिला आणि मान हलवली. "दुरुस्तीचे पैसे तुम्हाला भरावे लागतील. नियम सगळ्यांना सारखा आहे." तो वाईट माणूस नव्हता. वामननेही वाद घातला नाही. मला टेम्पोमागे बांधून घरी आणलं. गियरबॉक्स त्याने अंगणात गोणपाटावर उतरवला. मंजुळा त्यातल्या चाकांचा एकेक दात रॉकेलने धूत होती. मग वर्षानुवर्षं माझं सगळं वामननेच केलं. त्याने मलाही शिव्या दिल्या, आणि त्या मला गोड लागल्या. तरी संध्याकाळ झाली की तो पुळणीवर जायचाच.

शेवटी पारूच्या फळ्या कुजल्या. मासळी कमी झाली होती, नवी बोट बांधणं जमणार नव्हतं. तिला मोडायला माणसं आली तेव्हा वामन किनाऱ्यावर गेला नाही. तो माझ्यात येऊन बसला आणि काचा वर केल्या. तरी कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. माझ्या स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो लहान मुलासारखा रडला. मंजुळा शेजारी बसून त्याची पाठ चोळत राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी मोटार, सायकल, शिवणाचं यंत्र असेल. तिची हमी संपली म्हणून तिला कोपऱ्यात टाकू नका. मुंबईचा कारागीर परवडला नाही तर स्वतः हात काळे करा. थोडं तेल, थोडी पुसपास, कधी दोन शब्द. आम्हाला एवढ्यानेही पुष्कळ दिवस जगता येतं.

वामन आता थकला आहे, पण रोज सकाळी माझं इंजिन सुरू करून बघतो. माझ्या पत्र्यांना भोकं पडली आहेत. एक दिवस भंगारवाले मलाही न्यायला येतील. तेव्हाही तो रडेल याची मला खात्री आहे. पण पारूसाठी रडायला त्याला माझी मांडी होती. माझ्यासाठी तो कुठे बसून रडेल?