व्हर्ल स्टॅम्बॉचा सर्वांत हळू चेंडू

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. थंडीत घालायचा लोकरीचा नव्हे, तर गाईच्या जाड कातड्याचा, फुगीर बोटांचा, बेसबॉल झेलायचा. आमच्याकडे मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या एका हातात माझा कुणीतरी भाऊबंद असतोच. आता माझं कातडं काळपट पडलं आहे आणि करंगळीची शिवण दोनदा उसवून पुन्हा घातलेली आहे. तरीही मी अजून कामावर आहे, आणि ते कसं, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म ओहायोतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे कातडं कापायचं काम पुरुष करत आणि शिवायचं काम बायका. आम्हाला आधी उलटं शिवतात आणि मग एकेक बोट काठीनं ढकलत सुलटं करतात. सुलटा झालो तेव्हा कुठे मला उजेड दिसला. मग एका लाकडी ठोकळ्यानं माझ्या तळव्यावर दणादण ठोसे दिले गेले आणि शेवटी तापलेल्या ठशानं तिथे एक नाव उमटवलं गेलं. ते नाव होतं व्हर्ल स्टॅम्बॉ.

त्या काळी हे नाव ठाऊक नाही असा पोरगा शोधून सापडला नसता. स्टॅम्बॉ पिचर होता, म्हणजे उंचवट्यावर उभं राहून फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. त्याचा चेंडू दिसत नाही, फक्त ऐकू येतो, असं लोक म्हणत. त्याचं नाव अंगावर घेऊन जन्मलो याचा मला फार अभिमान होता. दुकानाच्या काचेमागे मी मान ताठ करून बसत असे.

मला विकत घेतलं काझिमिर डोंबेकनं. सगळे त्याला काझ म्हणत. टोलीडो शहरात काचेच्या कारखान्यात तो भट्टीवर कामाला होता. तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं आणि बेसबॉल हाच त्याचा संसार होता. त्यानं मला तेल चोळलं, पोटात चेंडू ठेवून सुतळीनं आवळलं आणि गादीखाली दाबून ठेवलं. हळूहळू माझ्या तळव्यात बरोबर चेंडूच्या मापाचा खळगा पडला. रविवारी चर्च सुटलं की कारखान्याचा संघ मैदानावर जमे. काझ फार मोठा खेळाडू नव्हता, पण त्याच्याकडे आलेला चेंडू सहसा सुटत नसे. कुणी वाहवा केली की तो मला वर धरून म्हणे, "माझं काय कौतुक करता, ही स्टॅम्बॉची कृपा."

आणि मग ते वर्ष आलं. स्टॅम्बॉ ज्यात खेळे तो आमचा लाडका व्यावसायिक संघ अंतिम मालिकेच्या दारात उभा होता. अशा ऐन वेळी, सप्टेंबरच्या एका सकाळी, स्टॅम्बॉ आपली बॅग उचलून निघून गेला. हात दुखावला नव्हता की कुणाशी भांडण झालं नव्हतं. तो कुणाला काही सांगून गेला नाही आणि पुन्हा कधी खेळलाही नाही. संघ हरला. वर्तमानपत्रांनी त्याला पळपुटा म्हटलं. कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं भीती. काझनं घरी येऊन मला तळघरात कोळशाच्या ढिगामागे भिरकावलं.

मित्रांनो, वापरून झिजण्याचं दुःख नसतं. अंधारात पडून राहण्याचं असतं. कातड्याला तेल मिळालं नाही की ते आतून तडकत जातं. माझी एक वादी उंदरांनी कुरतडली. वर घरात काझचं लग्न झालं, रीटा घरात आली, पाळणा हलला. मला सगळं जमिनीतून ऐकू येई. उन्हाळ्यात रेडिओवर सामना लागे. एखादा नवा पिचर गाजू लागला की काझ म्हणे, "बघू शेवटपर्यंत टिकतो का."

मला उजेडात आणलं ते त्याच्या मुलीनं. जोनी तेव्हा दहा वर्षांची होती. हरवलेलं मांजर शोधायला ती तळघरात आली आणि मांजराऐवजी मला घेऊन वर गेली. रीटानं मला ओल्या फडक्यानं पुसलं, तेल चोळलं, नवी वादी ओवली. काझ कामावरून आला आणि माझ्या तळव्यावरचं नाव पाहून दारातच थबकला. "दुसरा घेऊन देतो तुला," तो जोनीला म्हणाला. जोनीनं मला छातीशी धरलं. तिला हाच हवा होता. काझ हातपाय धुवायला निघून गेला आणि मी घरात राहिलो.

त्याच उन्हाळ्यात काझनं बरीच वर्षं मनात असलेला बेत जाहीर केला. कूपरस्टाउनला बेसबॉलचं संग्रहालय आहे. थोर खेळाडूंची नावं तिथे ब्राँझच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. तिथे सहकुटुंब जायचं. गाडीच्या टपावर तंबू बांधला गेला, मागच्या सीटवर उकडलेली अंडी आणि राय धान्याच्या ब्रेडमध्ये घातलेल्या सॉसेजचा डबा ठेवला गेला, आणि जोनीच्या मांडीवर मी.

वाटेत काझनं थोरपणाचं शास्त्र सुरू केलं. कुणी किती सामने जिंकले, किती वर्षं टिकला, दुखऱ्या गुडघ्यानं कोण खेळला. त्याला सगळं तोंडपाठ होतं. जोनीनं मध्येच विचारलं, "बाबा, पण थोर म्हणजे नक्की कोण?"

"जो शेवटचा चेंडू पडेपर्यंत मैदान सोडत नाही तो," काझ म्हणाला.

रीटा नकाशा मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मग भट्टीवरचे तुम्ही सगळेच थोर. भोंगा झाल्याशिवाय एकजण हलत नाही."

काझ हसला नाही. थोड्या वेळानं त्यानं मोठा रस्ता सोडून गाडी दक्षिणेकडे, पेनसिल्व्हेनियाच्या टेकड्यांत घातली. रीटानं नकाशावर बोट ठेवलं.

"हा रस्ता लांबचा आहे, काझ."

"देखावा छान आहे म्हणतात."

"वीस वर्षांत तू देखाव्यासाठी गाडी वळवलेली मी पाहिली नाही. कोण राहतं इथे?"

आपलं लग्न होऊन अजून वीस वर्षं झालेली नाहीत, असं काझ पुटपुटला. मग त्यानं खरं सांगितलं. न्हाव्याच्या दुकानात एका फिरत्या विक्रेत्यानं त्याला सांगितलं होतं की स्टॅम्बॉ याच भागातल्या एका खेड्यात गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. काझला त्याला फक्त एक प्रश्न विचारायचा होता. तू का गेलास?

"आणि त्यानं उत्तर दिलं की तुझं समाधान होईल?" रीटानं विचारलं.

"ते उत्तरावर आहे."

माझ्या मनाची अवस्था काय सांगू? ज्याचं नाव मी जन्मभर वागवलं आणि ज्या नावापायी कोळशात पडलो, तो माणूस मला दिसणार होता.

घर सापडायला वेळ लागला नाही. पांढरं लाकडी घर, बाजूला धान्याच्या कोठारासारखी मोठी शेड, अंगणात सुटी पाती आणि चाकं. शेडमधून एक उंच, किंचित वाकलेला माणूस फडक्याला हात पुसत बाहेर आला. काझ गाडीतून उतरला आणि आपण टोलीडोहून आलो आहोत, एवढंच त्याच्या तोंडून निघालं. वाटेत घासूनपुसून ठेवलेला प्रश्न ओठांपर्यंत आलाच नाही, कारण त्याच वेळी घराच्या पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली होती. वय फार नव्हतं, केस नीट विंचरलेले होते, पण डोळे अगदी हरवलेले. ती एक हात दुसऱ्या हातावर सारखा चोळत होती.

"बाई, घाबरू नका," ती त्या उंच माणसाकडे बोट दाखवून गाडीतल्या रीटाला म्हणाली. "हे गृहस्थ चांगले आहेत. कोण आहेत ते मला माहीत नाही, पण चांगले आहेत."

स्टॅम्बॉनं तिला जपून पायरीवर बसवलं. ती त्याची बायको लुएला. मग तो आमच्याकडे वळला आणि आज तिचा दिवस बरा नाही, असं माफी मागितल्यासारखं म्हणाला. रोज दुपारी ते दोघं अंगणात चेंडू खेळत. पण सकाळी तिच्या हातमोज्याच्या वाद्या तुटल्या होत्या. त्याला त्या ओवता येईनात, कारण यंत्रांत काम करून त्याची बोटं आखडली होती. खेळ चुकला की ती दिवसभर बेचैन राहते.

जोनी गाडीतून उतरली. तिनं कुणाला विचारलं नाही. लुएलापाशी जाऊन तिनं मला तिच्या हातात घातलं.

स्टॅम्बॉची नजर माझ्या तळव्यावर गेली. आपलं नाव त्यानं वाचलं. मग काझकडे पाहिलं आणि टोलीडोचा माणूस आपल्या दारात कशाला आला असेल ते त्याला उमगलं. तो शांतपणे बोलू लागला, तसं पाहिलं तर काझशी, पण नजर बायकोवर ठेवून.

"त्या सप्टेंबरात हिला मेंदूज्वर झाला. वाचली, पण मागचं सगळं पुसलं गेलं. रोज सकाळी विचारते, तुम्ही कोण? मी सांगतो, मी इथलाच."

"मग सांगायचं होतंत," काझ म्हणाला. "एक शब्द बोलला असतात तर कुणी तुम्हाला पळपुटा म्हटलं नसतं."

"सांगितलं असतं तर फोटो काढणारे हिच्या खाटेपाशी आले असते. हिला तेव्हा अनोळखी चेहरा दिसला की रडू फुटायचं. त्यापेक्षा लोक मला काही म्हणू देत, असं ठरवलं. मला ते पेलवत होतं."

एवढं बोलून तो अंगणात थोडा दूर जाऊन उभा राहिला. मी लुएलाच्या हातात होतो, आणि तिचा हात थरथरत होता. स्टॅम्बॉनं खिशातून चेंडू काढला. एके काळी ज्याच्या फेकीनं धिप्पाड फलंदाज मागे सरत, त्या माणसानं हात खालून हलकेच वर आणला आणि चेंडू सोडला. मित्रांनो, माझ्या पोटात किती चेंडू आदळले याची मोजदाद नाही. पण हा आदळला नाही. निजलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा तो माझ्यात येऊन टेकला. लुएलाचा हात आपसूक वर आला होता, आपसूक मिटला. थरथर थांबली. ती हसली आणि तिनं चेंडू परत फेकला, तोही अगदी सरळ.

"लहानपणी भावांबरोबर खेळायची," स्टॅम्बॉ म्हणाला. "माझं नाव डोक्यातून गेलं. हे हातातून गेलं नाही."

असे किती चेंडू आले आणि गेले! प्रत्येक चेंडू तिच्या छातीच्या उंचीवर, तेवढाच हळू, तेवढाच नेमका. एकदाही तिला वाकावं लागलं नाही की हात ताणावा लागला नाही. इतकी अचूक फेक मी कुठल्या मैदानावर पाहिली नव्हती, आणि बघायला तिथे एक कुटुंब सोडलं तर कुणी नव्हतं.

काझ शेडमध्ये गेला, तुटलेला हातमोजा घेऊन पायरीवर बसला आणि गाडीतल्या तंबूच्या सामानातून आणलेल्या सुईनं नव्या वाद्या ओवू लागला. जुन्या वादीचं प्रत्येक टोक त्यानं काढलं, प्रत्येक गाठ ओढून पाहिली, मग तेल मागून घेतलं आणि बोटांच्या बेचक्यांत चोळलं. रीटानं डबा उघडून सगळ्यांना खायला दिलं. तो प्रश्न काझनं विचारला नाही. विचारायला आता काही उरलंही नव्हतं.

निघताना जोनीनं मला लुएलाकडेच ठेवायचं म्हटलं. स्टॅम्बॉनं मला जोनीच्या हातात परत दिलं. "तुझ्या वडिलांनी आमचा चांगला करून दिलाय," तो म्हणाला. "हा तू वापर. नुसता ठेवलास तर वाळेल."

काझनं त्याच्याशी हात मिळवला आणि बराच वेळ सोडला नाही. लुएलानं आम्हाला निरोप दिला आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्हीही यांच्याबरोबर निघालात का?"

"नाही," तो म्हणाला, "मी इथलाच."

दुसऱ्या दिवशी आम्ही कूपरस्टाउनला पोचलो. काझ ब्राँझच्या पाट्यांपुढून टोपी हातात घेऊन फिरला. तिथे माझे पुष्कळ भाऊबंद काचेमागे बसले होते, स्वच्छ आणि झगझगीत उजेडात. त्यांचा मान मोठा आहे, ते मी नाकारत नाही. पण त्यांच्याकडे बघून मला हेवा वाटला नाही. त्यांच्यातल्या एकाच्याही पोटात चेंडू नव्हता. जोनीनं वडिलांना विचारलं, स्टॅम्बॉंचं नाव इथे नसल्याचं तुम्हाला वाईट वाटतं का? काझनं विचार केला. "या लोकांनी जे केलं ते खरंच मोठं आहे, बेटा," तो म्हणाला. "पण ते मोजता येतं. काल पाहिलं ते मोजायचं कसं, ते मला माहीत नाही."

बाहेर हिरवळ होती. रीटा बाकावर बसून बुटातले खडे काढत होती. काझ तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं मला तिच्यापुढे धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या वाद्या तिनं ओवल्या, मला तेल तिनं चोळलं, पण माझ्यात हात घाल, असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

"मला येत नाही, काझ," ती म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत."

ती उठली. तिचा हात माझ्यात नवखा होता, बोटं चुकीच्या घरांत गेली होती. जोनीनं ती नीट बसवून दिली. काझ दूर गेला, वळला आणि त्यानं खालून, अगदी हलक्या हातानं चेंडू सोडला. तो माझ्या अंगठ्याला लागून गवतात पडला. दुसराही पडला. त्यापुढचा कधीतरी माझ्या खळग्यात येऊन बसला, आणि रीटानं माझ्यावर दुसरा हात दाबून धरला, जणू तो उडून जाणार होता.

मग तिनं चेंडू फेकला आणि पदर खोचावा तशी बाही वर सारली.

"जरा जोरात टाक," ती म्हणाली. "मी काही आजारी नाही."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही अडगळीत पडलं असेल तर त्याला बाहेर काढा, पुसा, तेल लावा. मात्र पुसून पुन्हा फडताळात ठेवू नका. ते ज्याच्या हातात अजून कधी गेलेलं नाही, असं एखादं माणूस घरात असतं. त्याच्या हातात द्या, आणि पहिला चेंडू हळू टाका.