अनाथाश्रमात गेलेला डावा बूट

वहिनीच्या धाकट्या दिराचं ठरलेलं लग्न मोडलं, ते वर्ष. मुलीकडून निरोप आला आणि दुसऱ्या दिवसापासून दीर भावाच्या जोडे दुरुस्तीच्या दुकानात येऊन बसू लागला. रडला नाही, बोलला नाही, आवरत सुटला. खिळ्यांचे डबे मापानं लागले, आऱ्या एका रांगेत टांगल्या गेल्या. थोरला भाऊ त्याला ‘काटकोन’ म्हणू लागला. थोरल्याची बायको, जिला सगळी गिऱ्हाइकं वहिनी म्हणायची, ती हसायची. दुकानाची खिडकी तिच्याकडे. जोडे घ्यायचे, सुतळीनं जोडी बांधायची, पावती फाडून द्यायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण कोणता जोडा कुणाचा हे ती झोपेत विचारलं तरी सांगायची.

बुधवारी एक पोरगी काठी टेकत आली, पंचविशीची. पिशवीत तपकिरी बूट. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड, म्हणून डाव्या बुटाचा तळ चार बोटं उंच. तो बूट वहिनीच्या सासऱ्यांनी केलेला. तो केला आणि महिन्याभरात त्यांना अर्धांगवायू झाला.

“सोमवारी माझी तपासणी आहे,” पोरगी म्हणाली. “टपाल कचेरीतली जागा. डॉक्टरांपुढं बिनकाठीचं चालून दाखवायचं. चार वर्षं वाट बघितलीय, वहिनी. टाच झिजलीय, तेवढी बसवून द्या.”

“माझ्या हातात दिलंस ना? मग तिजोरीत ठेवलंस असं समज.”

शनिवारी सकाळी पोरगी आली, तेव्हा फळीवर एकटा उजवा बूट होता.

वहिनीनं सगळ्या फळ्या चाचपल्या, यंत्राखाली वाकून बघितलं. “भाऊजी, इथला तपकिरी जोड कुठाय?”

“तो जोड नव्हताच, वहिनी. तळाला तळ लावून बघितला. एक बुटका, एक उंच. म्हटलं, तुमची सुतळी चुकली. डावा टाकला अनाथाश्रमात.”

अनाथाश्रम म्हणजे मागच्या दाराजवळचं पोतं. ज्यांना जोडी नाही, ज्यांना न्यायला कुणी येत नाही, ते जोडे त्यात. वर्षानुवर्षं ते पोतं हलत नसे. वहिनी मागे धावली. कोपरा झाडून लख्ख केलेला होता.

“पोतं काल भंगारवाल्याला दिलं,” दीर म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला.

“शाबास!” थोरला गरजला. “काटकोनात बसेना की फेकून द्यायचं. उद्या मलाही घाल पोत्यात!” मग तो पोरीकडे वळला, आवाज खाली आणून म्हणाला, “हे बघा ताई, झालं ते वाईट झालं. पण पावतीवर छापलेलं आहे.”

“काय छापलंय?” वहिनीनं विचारलं.

पोरीनं पिशवीतून पावती काढून वाचली. “गिऱ्हाइकाची वस्तू गहाळ झाल्यास दुकान जबाबदार राहणार नाही.”

“हे मी देत होते लोकांना? इतकी वर्षं?”

“अगं, छापखानेवाला घालतो ते. सगळ्यांच्याच पावतीवर असतं.”

“तोंडानं तिजोरी म्हणायचं आणि हातानं हे द्यायचं!” वहिनी कडाडली.

“मला भांडायचं नाही हो,” पोरगी म्हणाली. “एवढंच सांगा, सोमवारी मी चालू कशावर?”

वहिनी आणि दीर भंगारवाल्याकडे गेले. त्यानं पोतं वीटभट्टीला विकलं होतं. दोघं तसेच भट्टीवर पोहोचले. रबर जळाल्याचा वास लांबूनच आला. भट्टीवाल्यानं काठीनं राख उकरून दाखवली. खिळे होते, टाचेच्या लोखंडी नाली होत्या, पाच-पन्नास असतील. दीर राखेत गुडघे टेकून एकेक नाल उचलून बघू लागला. नालीवर कुणाचं नाव असतं थोडंच!

“उठा, भाऊजी.”

“वहिनी, ती पोरगी माझ्यामुळं...”

“रडायचं ते मंगळवारी रडा. आता उठा.”

संध्याकाळपर्यंत थोरल्यानं उजव्या बुटावरून माप घेऊन बुचाच्या लाकडाचा उंच तळ कापला आणि त्यावर डाव्या पायाचा नवा बूट शिवला. पावतीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. पोरीनं बूट चढवला, काठी सोडली आणि दुसऱ्याच पावलाला खिडकीच्या फळीवर आदळली. रविवारी सकाळी दुसरा तळ केला. त्यावर ती चार पावलं चालली आणि बाहेरच्या बाजूला कलंडली.

“उंची बरोबर आहे,” थोरला घाम पुसत म्हणाला. “काय चुकतंय तेच कळत नाही. बाबांनी कधी काही लिहून ठेवलं नाही. सगळं अंगठ्यात.”

“मग अंगठ्यालाच विचारू या,” वहिनी म्हणाली.

सासरे दुकानामागच्या खोलीत पडून असत. उजवं अंग गेलेलं, माणसंही ओळखू येईनाशी झालेली; सुनेला ते ‘अहो बाई’ म्हणत. वहिनीनं पोरीला खाटेवर बसवलं आणि तिचा डावा पाय त्यांच्या चांगल्या हातात ठेवला.

“मामंजी, बघा बरं कुणाचा पाय.”

म्हाताऱ्यानं पोरीच्या तोंडाकडे बघितलंही नाही. अंगठा टाचेवरून फिरला, घोट्याखाली थांबला, पुन्हा मागे आला. दीर दारात उभा.

“आतून... जवभर कमी,” सासरे अडखळत म्हणाले. मग थोरल्याकडे बघून, “कोण कापतोय? हा? रापीला धार लाव म्हणावं.”

थोरला दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. आणि खरंच रापीला धार लावायला बसला.

दुपारभर तो कापत होता, दीर घासून देत होता, म्हातारा हातानं चाचपून मान हलवत होता. डिंक वाळेपर्यंत वहिनी पावत्यांचं पुस्तक घेऊन बसली. “भाऊजी, ती ओळ कुठली ते दाखवा.” दिरानं बोट ठेवलं. शाईत काडी बुडवून तिनं एकेका पावतीवरची ती ओळ खोडली. शंभरच्या शंभर.

सोमवारी दुपारी पोरगी आली. चालत आली, काठी काखेत. स्टुलावर बसून तिनं बूट काढला. मोज्याची टाच रक्तानं भिजली होती.

“नवं कातडं,” थोरला पुटपुटला. “जुना बूट पायाला सरावला होता गं.”

“चालले,” पोरगी म्हणाली. “एकदा चालले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा. पुन्हा चालले.”

“मग?” दिरानं विचारलं.

“कळवतो म्हणाले.”

पोरीनं तो बूट उचलला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला. “टाच मऊ करून ठेवा. आज काठीवर जाते. पावती द्या.”

वहिनीनं पावती फाडून दिली. पोरीनं खोडलेली ओळ बघितली, पावती घडी करून ठेवली. ती गेल्यावर वहिनीनं बूट फळीवर ठेवला नाही. दुकान बंद होईपर्यंत मांडीवर घेऊन बसली.

नेमणुकीचं पत्र बाविसाव्या दिवशी आलं. पोरगी ते दाखवायला आली, पण सासऱ्यांना सांगायचं राहिलं. ते आदल्या शुक्रवारी सकाळी वारले होते.