बाईंच्या मोडेमला सर्दी होते

मी एक जुना मोडेम आहे, मित्रांनो. हल्ली जे भिंतीला चिकटून दिवे लुकलुकवत गप्प बसतात, त्यांच्यातला नव्हे. मी तोंडाळ! बुटाच्या खोक्याएवढं अंग आणि वर रबराच्या दोन वाट्या. टेलिफोनचा रिसीव्हर त्या वाट्यांत उपडा खुपसला की संगणकातल्या अक्षरांच्या मी शिट्ट्या करायचो. त्या शिट्ट्या तारेतून धावत जायच्या आणि पलीकडचा माझा जोडीदार त्यांची पुन्हा अक्षरं करायचा.

कारखान्यात एका तंत्रज्ञाने माझा आवाज लावला होता. माझ्या पोटात चार बारीक स्क्रू आहेत. ते फिरवले की शिट्टी वर-खाली होते. आवाज जमल्यावर त्याने प्रत्येक स्क्रूवर लाल लाखेचा थेंब टाकला. अर्थ असा, की आता कुणी हात लावायचा नाही.

माझी मालकीण एका वर्तमानपत्राची वार्ताहर. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. पूर असो, आग असो, संप असो, बाई मला खांद्याच्या पिशवीत टाकून निघायच्या. मिळेल त्या फोनवर मला बसवायच्या आणि छोट्या संगणकावर बातमी बडवायच्या. माझी शिट्टी इतकी खणखणीत, की रस्त्यावरची कुत्री शिस्तीत रांगेत उभी राहत. खोटं वाटतं? त्या कुत्र्यांना विचारा. एकदा पुराची बातमी पाठवताना माझ्या वाट्यांतून पाणी ठिबकलं होतं. त्यात दोन मासेही होते, पण ते राहू द्या, तुमचा विश्वास बसायचा नाही.

पुढे नवी यंत्रं आली आणि मी कपाटावर गेलो. रबर कडक झालं, त्याला भेगा पडल्या. धूळ मला सोसत होती. पण खाली जे चाललं होतं, ते बघवत नव्हतं.

बाईंना विसर पडू लागला होता. आधी चष्मा, मग स्वयंपाकघर कुठे ते, मग पोटची लेक. दुपार कलली की त्या बूट घालायच्या आणि दाराकडे धावायच्या. "बातमी अडकलीय! ऑफिस खोळंबलंय!"

एके दिवशी खालचा शिंपी त्यांना हाताला धरून वर घेऊन आला. गळ्यातली मोजपट्टीही त्याने काढली नव्हती.

"ताई, भर रस्त्यात उभ्या होत्या. बसवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचल्या. दाराला कुलूप लावा बाहेरून."

"स्वतःच्या आईला कोंडू?" लेक म्हणाली. तिने कुलूप आणलं होतं. ते टेबलावर पडून होतं.

त्याच संध्याकाळी तिने मला खाली काढलं. लेक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायची. घरातूनच बातमी पाठवता आली, तर आई बाहेर जाणार नाही, असा तिचा हिशेब. पण माझ्या आतल्या जोडणीचा नकाशा कुणाकडेच नव्हता. माझी कंपनी केव्हाच बुडाली होती. शोधून शोधून तिला माझ्या एका चुलत भावाच्या, म्हणजे दुसऱ्याच एका मोडेमच्या, माहितीचं अर्धं पान मिळालं. तिने माझे फुगलेले भाग बदलले, मऊ रबराच्या नव्या वाट्या बसवल्या. इथवर ठीक. मग त्या पानावर भरवसा ठेवून तिने लाखेचे थेंब खरवडले आणि चारही स्क्रू भावाच्या मापाने फिरवले. मी ओरडलो, पण बंद यंत्राचं ओरडणं कोण ऐकतं?

तिने दोन जुने टेलिफोन वायरने जोडले. एक माझ्यापाशी, बाईंच्या छोट्या संगणकाजवळ; दुसरा स्वयंपाकघरात, शिट्ट्यांची अक्षरं आणि अक्षरांच्या शिट्ट्या करणाऱ्या तिच्या संगणकाजवळ. मला सुरू केलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो माझा नव्हता. पलीकडे नुसता अक्षरांचा केरकचरा. चार दुपारी हेच. बाईंचे बूट पायातच, आणि लेकीची नजर कुलपावर.

पाचव्या दुपारी बाई दारातून मागे वळल्या.

"अगं ए मुली, याला सर्दी झालीय."

"आई, बस ना जरा. काम करतेय मी."

"ऑफिसात नवी दिसतेस. याचा आवाज बसलाय, ऐकू येत नाही?"

लेकीने स्क्रूड्रायव्हर आपटायला उचलला. आणि तसाच हातात धरून म्हणाली, "मग सांगा ना बाई, वर नेऊ की खाली?"

"वर. अजून. आता किंचाळतोय मेला! जरा खाली. हां!"

ती माझी शिट्टी होती, मित्रांनो. मला रडू आलं असतं, पण वायरींना ओल चालत नाही.

बाई बसल्या, टाइप करू लागल्या. लेक स्वयंपाकघरात धावली. पडद्यावर अक्षरं उमटली, स्वच्छ: "येथे एक नवी मुलगी कामास लागली आहे. हात चांगला आहे. मात्र एकटी असली की रडते. तिच्या घरच्यांनी लक्ष द्यावे."

लेक बराच वेळ वाचत राहिली. मग तिने लिहिलं, "आई, तुझी बातमी मिळाली, आता तू आराम कर, मी आहे ना."

बाईंनी भुवया चढवल्या. "ऑफिस एवढं कधी बोलतं?" आणि त्या उठू लागल्या.

ऑफिस काय बोलायचं, हे कुठल्याच पानावर छापलेलं नव्हतं. लेकीने आईचं बोलणं ऐकलं आणि घाईघाईने एकच शब्द पाठवला: "पोचली."

बाईंनी तो वाचला. खाली वाकून बुटाची नाडी सोडली.

उद्या दुपारी त्या पुन्हा बूट घालतील. माझ्या नव्या वाट्यांनाही कधीतरी भेगा पडतील. म्हणून सांगतो, मित्रांनो, जुन्या यंत्राचे स्क्रू फिरवण्याआधी, ते ज्याच्या हाताखाली नांदलं त्याला विचारा, तो तुम्हाला ओळखत नसला तरी. आणि घरातलं एखादं माणूस रोज तीच बातमी सांगत असेल, तर रोज कळवा, की पोचली.