खाजकुयलीच्या मुखपृष्ठावर दामू

मी मुरबाडची 'खाजकुयली' बोलतेय. पूर्वी सोळा पानांचं, दोन पिनांनी टाचलेलं टिंगलटवाळीचं मासिक. नाव ऐकूनच माणसं दंड चोळतात. तेवढाच माझा धाक.

लग्नपत्रिका छापणाऱ्या दामू गोजरांनी मला जन्माला घातलं. त्यांनी एक रीत पाडली. मुखपृष्ठावर ज्याची टर उडवली, त्याच्या हातात पहिला अंक स्वतः नेऊन द्यायचा आणि तो वाचेपर्यंत समोर उभं राहायचं. मगच विक्री. कितीतरी पुढाऱ्यांनी मला टराटरा फाडलं आणि वर दामूंना चहाही पाजला! म्हसा गावच्या जत्रेत, बैलबाजारात लोक मला मोठ्याने वाचायचे. मजा होती.

मग आमचेच मित्र निवडून आले. दामूंनी पेन जरा आवरलं. पुढे सत्ता पालटली, तसे आम्हीही पालटलो. पुन्हा पालटली, पुन्हा पालटलो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती माझ्या अंगावर चढल्या. पण विनोद तर हवाच! तो मग जाहिरात न देणाऱ्यांवर होऊ लागला. गेल्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या वाडीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन पंचायतीवर गेल्या, तर मी त्यांनाच हसले. सांगायला लाज वाटते.

त्या वाडीतली प्रमिला तो अंक घेऊन छापखान्यात आली. "भाऊ, आमाला हसलात, हसा. पन नळ बसवलाय नि पानी नाय, त्याला कोन हसंल?"

दामू पत्रिकांचे गठ्ठे बांधत राहिले. माझी चित्रं काढणारी त्यांची सून रंजिता तिथेच बसली होती. पुढच्या महिन्याचं मुखपृष्ठ तिने कोणाला न विचारता केलं. कोरड्या नळाखाली बसलेले दामू, गळ्यात चार पक्षांची उपरणी. पहिला अंक तिने सासऱ्यांच्या हातात दिला आणि रीतीप्रमाणे समोर उभी राहिली.

माझा जीव टांगणीला लागला. आता हे मला बंदच करतात की काय!

"नाक केवढं काढलंस गो," दामू म्हणाले आणि हसत सुटले, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. हुश्श! किती वर्षांनी मला मोकळं वाटलं.

जाहिराती गेल्या. मी आता आठच पानांची आहे, कागदही हलका. पण काल दामूंनी मला वाडीत ओट्यावर बसून वाचून दाखवलं. प्रमिला पोट धरून हसली. मग एकदम म्हणाली, "थांबा. नळाच्या उद्घाटनाला काय झाला ते मी सांगते. तुमी लिवा."

दामूंनी खिशातून पेन काढलं.

तुमच्या गावातही असं काही असेल, तर सांगत जा. पानं कमी पडली, तर मी अक्षर बारीक करीन.