ॲल्युमिनियमचा चीक

"लागली ना वाट?" कल्पेशशेठने विचारलं, आणि हेलनने मशीन बंद केलं.

लागलीच होती. मशीनच्या टोकाला फिरणारा कार्बाइडचा बर, म्हणजे धातूच्या कडा घासणारी बोटाच्या पेराएवढी दातेरी गुंडी, ॲल्युमिनियमने पार लिंपून गेला होता. पंपाच्या कव्हरवर ओरखडे उठले ते वेगळेच.

वसई पूर्वेच्या त्या कारखान्यात हेलन वर्षानुवर्षं घासत होती, पण कुठल्या धातूला कुठला बर लावायचा हे ठरवणार फर्डिनंडकाका. आज काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलेले, माल संध्याकाळी जायचा, आणि हेलन बाईसाहेब आपणहून बोलून बसल्या होत्या, "मी निवडते."

"राहू दे, हेलनताई. काम बाहेर देतो," शेठ म्हणाला. "तुम्ही यापुढे पॅकिंगला बसा."

पॅकिंगला! एवढी वर्षं लोखंडाची धूळ खाल्ली ती काय खोकी चिकटवायला?

"अजून एक कव्हर करू द्या. मग बसवा कुठं बसवायचं तिथं."

मऊ धातू म्हणून तिने बारीक दातांचा बर घेतला होता. कुणालाही तसंच वाटलं असतं. पण हा मेला मऊ कसला, चिकट होता. सांडोरच्या वाडीत वाढलेल्या बाईला हे कळू नये, याचा तिला सणसणून राग आला. कोरड्या सुरीने फणस कुणी कापतं का? चीक धरू नये म्हणून आधी तेल लावतात.

तिने मोठ्या, विरळ दातांचा बर काढला, दातांवर मेणबत्ती चोळली आणि मशीन चालू केलं. खवलेल्या नारळासारखा सुटा कीस उडाला. कड गुळगुळीत. हेलन एकटीच खदखदून हसली.

मग आल्या स्टेनलेसच्या चकत्या. तिथे आडव्याउभ्या दातांचा बर, वेग बेताचा, आणि हात एका जागी थांबवायचा नाही. थांबला की स्टील तापतं, आणखी कडक होतं आणि बराचेच दात खातं. हे तिच्या हाताला केव्हाचं ठाऊक होतं.

टेम्पो वेळेवर निघाला. कल्पेशशेठ कव्हरच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "ताई, पॅकिंगला मग मीच बसू काय?"

"बसा की."

पुढच्या आठवड्यात काळा चष्मा लावून काका आले. टेबलावरचं एक कव्हर उचलून त्यांनी उजेडात धरलं, खाली ठेवलं. मग पितळेचा एक व्हॉल्व्ह घेऊन हेलनपाशी आले.

"याला कुठला लावू?"

हेलन गडबडली. "काका, अजून दिसत नाही का नीट?"

"दिसतंय गं. म्हणून तर विचारतोय."

हेलनने हात पुसले, काकांना बसायला स्टूल पुढे केलं आणि व्हॉल्व्ह हातात घेतला.