मालक दाराबाहेर

"बाबा, बसा हो खाली!" मुलीने पुन्हा बजावले.

मालक बसले, पण खुर्चीच्या टोकावर. लोटलेल्या दाराआड माग खडखडत होते आणि कापड घेणाऱ्या कंपनीच्या बाई मुकादमाबरोबर हिंडत होत्या. बाईंची अट विचित्र होती. आजच्या पाळीत मालकांनी आत पाऊल टाकायचे नाही, बाहेरून सूचनाही द्यायच्या नाहीत. मागे ते तापाने फणफणले, तेव्हा अख्खा कारखाना हातावर हात ठेवून बसला होता आणि बाईंचा माल रखडला होता. आज त्यांच्यावाचून काम निभावले, तर वर्षभराची ऑर्डर. नाही तर कारखान्याला टाळे लागल्यातच जमा होते.

चूक मालकांचीच होती. मागाचा साधा पट्टा बदलायचा तरी 'आधी मला विचारा' हा त्यांचा खाक्या. मुकादमाचे केस पिकले, तरी यांच्या लेखी तो नवशिकाच.

इतक्यात खडखडाट कमी झाला. मालक ताडकन उठले.

"कोपऱ्यातला माग थांबला. धोटा अडकून धागे तुटले असणार."

"मुकादमकाका बघतील की."

"डोंबल बघतोय! घाईत कशाही गाठी मारेल, नि कापडावर पट्टा उठेल. मी नुसता डोकावतो."

"डोकावलात की ऑर्डर गेली. बाबा, तुम्ही आजारी होतात ना, तेव्हा मी काकांना म्हटलं होतं, तुम्हीच करा. म्हणाले, मालक मला फाडून खातील."

मालक पुन्हा खुर्चीच्या टोकावर टेकले. जीव नुसता टांगणीला लागला होता.

दार उघडले. मुकादमच होता. सवयीने विचारायला आला होता बिचारा. त्याच्या मागे बाई उभ्या होत्या.

"मालक, ते..."

जिभेवर आलेले सगळे मालकांनी गिळले आणि भिंतीकडे तोंड फिरवले. मुकादम घुटमळला, मग आत गेला. बऱ्याच वेळाने माग पुन्हा चालू झाला. बाईंनी कापड उजेडात धरून निरखले, बोटे फिरवून पाहिले आणि मान डोलावली.

ऑर्डर मिळाली. मालकांना आनंद झाला, अगदी मनापासून झाला. तरी ते खुर्चीतच बसून राहिले.

पाळी सुटल्यावर मुकादम हात पुसत बाहेर आला.

"ताई, उद्यापासून बारीक सूत लावतो. चालेल ना?"

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, काका."

बोलत बोलत दोघे फाटकाकडे निघाले. वाट अरुंद होती. मालकांनी पाय आवरून घेतले आणि त्यांना जाऊ दिले.